प्रतिपिंडांच्या कॉलमवर प्रथिन शुद्ध करताना

पेशींच्या अर्कातील हजारो प्रथिनांमधून नेमके एक वेगळे काढायचे असेल, तर त्याला ओळखणारे प्रतिपिंड सेफारोजच्या (ॲगारोज या शर्करेपासून केलेल्या) मण्यांवर पक्के बसवून त्यांवरून अर्क सोडणे, हा भरवशाचा मार्ग आहे.

सायनोजेन ब्रोमाइडने सक्रिय केलेल्या सेफारोजची 1 ग्रॅम भुकटी थंड, 1 मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात फुगवली की साधारण 3.5 मिलिलिटर जेल मिळते. त्यात दर मिलिलिटरला सुमारे 5 मिलिग्रॅम प्रतिपिंड, 8.3 पीएचच्या बायकार्बोनेट बफरमधून (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातून), 4 अंश सेल्सियसला रात्रभर हलवत मिसळावे. प्रतिपिंडाच्या कुपीत ट्रिस किंवा ग्लायसीन (बफरमध्ये वापरली जाणारी द्रव्ये) असेल, तर आधी डायलिसिस (सच्छिद्र पडद्यातून लहान रेणू काढून टाकणे) करणे अनिवार्य आहे, कारण त्यांचे अमाइन गट मण्यांवरच्या जागा अडवतात आणि प्रतिपिंड तसेच वाहून जाते. उरलेल्या जागा मात्र नंतर मुद्दाम इथेनॉलअमाइनने बुजवाव्यात.

अर्क सेंट्रिफ्यूज करून, गाळूनच कॉलमवर, म्हणजे हे मणी भरलेल्या नळीवर, सावकाश सोडावा. नंतर 0.5 मोलर मीठ असलेल्या बफरने 280 नॅनोमीटरवरचे प्रकाशाचे शोषण (बाहेर येणाऱ्या प्रथिनाची खूण) तळाला येईपर्यंत धुवावे. इथली घाई पुढे शुद्धता तपासण्याच्या इलेक्ट्रोफोरेसिस जेलवर नकोशा पट्ट्यांच्या रूपाने दिसते.

खरी कसोटी प्रथिन सोडवण्याची असते. प्रतिपिंडाची पकड जितकी घट्ट, तितके प्रथिन मोकळे करणे अवघड. म्हणून सर्वांत घट्ट पकडणारे प्रतिपिंड निवडण्याचा मोह टाळावा, असे माझे ठाम मत आहे. पूर्ण कॉलम पणाला लावण्याआधी 50 मायक्रोलिटर मण्यांवर 2.8 पीएचचे ग्लायसीन, 11 च्या आसपास पीएचचे ट्रायइथिलअमाइन आणि 3 मोलर मॅग्नेशियम क्लोराइड यांची चाचणी घ्यावी. आम्ल न सोसणाऱ्या प्रथिनाला शेवटचा पर्याय बहुधा मानवतो, पण ते क्षार डायलिसिसने काढावे लागतात.

ग्लायसीन ठरल्यास 1 मिलिलिटरच्या प्रत्येक नळीत 100 मायक्रोलिटर, 1 मोलर, 9 पीएचचे ट्रिस आधीच घालून ठेवावे, म्हणजे थेंब पडताक्षणी आम्लता उतरते. नळी उलटसुलट करून एक थेंब पीएच पट्टीवर टेकवावा आणि पट्टी अजून आम्लता दाखवत असेल, तर त्याच क्षणी आणखी ट्रिस घालावे. कॉलमही तिथेच उदासीन बफरने धुवावा, कारण आम्लात रेंगाळलेले प्रतिपिंड आपली ओळखशक्ती गमावते. 0.02 टक्के सोडियम अझाइड घालून 4 अंशांवर ठेवलेला कॉलम पुन्हा पुन्हा वापरता येतो; अझाइड विषारी असल्याने हातमोजे मात्र घालावेत.