पारडांची हगवण गोठाभर पसरते कशी आणि अडवायची कुठे

शहापूर-मुरबाडकडे पावसाने जोर धरला की गोठ्याची जमीन सुकतच नाही आणि पारडांना हगवण लागते. दोष पावसाला दिला जातो. पण ई. कोलाय, साल्मोनेलासारखे जंतू शेणातून निघून दुसऱ्या पारडाच्या तोंडात जातात ते बादली, हात आणि गमबूट यांच्यावरून. ई. कोलायचा धोका पहिल्या 4-5 दिवसांत सर्वात जास्त.

म्हणून कामाचा क्रम ठरवा. दूध पाजणे, शेण काढणे आधी सर्वात लहान पारडांचे, मग मोठ्यांचे, आजारी पारडू शेवटी. त्याची बादली, खराटा वेगळा आणि बांधायची जागाही लांब. साल्मोनेला माणसालाही होतो, तेव्हा हात साबणानेच धुवा.

जंतूंची दुसरी वाट नाळेतून. व्याल्याबरोबर 7 टक्के टिंक्चर आयोडीन छोट्या कपात घेऊन नाळ त्यात बुडवा. नुसता बोळा फिरवून आतपर्यंत औषध पोहोचत नाही. नाळ सुकेपर्यंत 2-3 दिवस रोज करा. कपातले उरलेले आयोडीन फेकायचे, बाटलीत परत ओतायचे नाही. हे चुकले तर नाळ सुजते आणि पुढे गुडघ्यांत पू होतो.

चिकात कंजुषी नको. पोटात असताना पारडाला आईकडून प्रतिकारशक्ती जवळजवळ मिळत नाही, ती चिकातूनच येते. 30 किलोच्या पारडाला 3 लिटर: निम्मा पहिल्या 2 तासांत, उरलेला 12 तासांच्या आत. 24 तास उलटले की आतडे ही प्रतिकारशक्ती शोषत नाही. खरवसाला गिऱ्हाईक दारात उभे असते, पण पहिला चीक पारडाचाच. सडाला शेण लागलेले असेल तर आधी धुवा, नाहीतर चिकाबरोबर जंतूही पाजाल.

ओल्या शेणावर चुना भुरभुरणे म्हणजे चुना वाया. आधी खरवडा, धुवा, सुकू द्या, मग चुना.

हगवण लागलीच तर ओआरएसचा पुडा 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा. दिवसाला 2 ते 4 लिटर, 4 वेळा विभागून, दुधानंतर 2 तासांनी. दूध पूर्ण तोडू नका, उपाशी पारडू लवकर ढासळते. डोळे खोल गेले, कान-पाय गार पडले, शेणात रक्त दिसले किंवा चोखणे थांबले तर लगेच 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनवर फोन करून डॉक्टर बोलवा. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची गोळी तेवढी देऊ नका.