उंची कमी, म्हणून हँडल उंच? या चुका टाळा

माझी उंची ५ फूट १ इंच. बीड ते अंबाजोगाई आठवड्यातून दोन-तीनदा स्प्लेंडरवर जाणं-येणं असतं. मांजरसुंबा मागं पडलं की उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. केजला हात झटकत झटकत चहा. गॅरेजवाल्या भाऊंनी गाडीकडं न बघता मलाच वरून खाली न्याहाळलं आणि निकाल दिला, "सर, हँडल उच्चं करा. रायझर टाकतो, बुलेटवर बसल्यावानी बसताल." हँडलखाली घालून ते उंच करणारे ते तुकडे टाकले. बोटं बधिर व्हायची ती होतच राहिली, वर खांदेही भरून यायला लागले.

पहिली चूक हीच. उंची कमी म्हणजे बहुधा हातही आखूड, आणि आखूड हाताला हँडल आपल्याकडं यायला हवं असतं. नुसतं वर नेलं की कोपरं उचललेली राहतात आणि दोन्ही हातांचं ओझं मानेच्या बुडाशी येऊन लटकतं. नवीन हँडल घ्यायचंच असेल तर दुकानात उंची विचारत बसू नका. जुनं हँडल शेजारी ठेवा आणि ग्रिपा मागं किती वळल्यात ते बघा.

रुंदीची परीक्षा दुकानासमोरच होते. मेन स्टँडवर नेहमीसारखं बसा आणि हँडल एका बाजूला पूर्ण वळवा. बाहेरचा हात ग्रिपवरून सुटत असेल, किंवा त्याच्यामागं बूड सरकत असेल, तर ते हँडल तुमच्यासाठी नाही. आतली ग्रिप टाकीला किंवा गुडघ्याला टेकली तरी नाही. मात्र फार अरुंदही नको. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून शेताच्या वाटेनं गाडी काढताना रुंदीचाच जोर कामाला येतो.

पैसे खर्च करण्याआधी फुकटचा उपाय करून बघायचा, हे मला उशिरा सुचलं. साध्या १०० सीसी गाडीचं हँडल दोन क्लॅम्प आणि चार बोल्टांवर धरलेलं असतं. बोल्ट ढिले करून ते थोडं मागं फिरवता येतं. थोडं म्हणजे थोडंच, एका वेळी ४-५ मिलिमीटर. जास्त फिरवलं की ग्रिपांची टोकं खाली पडतात आणि मनगट वाकडं होतं. बोल्ट परत आवळताना एकच बोल्ट शेवटपर्यंत पिळू नका. आधी आवळायची बाजू कंपनीनं सांगितलेली असते, तोच क्रम धरा.

आता लिव्हर. माझ्या बधिर बोटांचं मूळ इथं निघालं. हँडल हलवलं आणि लिव्हर जुन्याच कोनात राहिली, तर ब्रेकवर बोटं ठेवताना मनगट दुमडतं आणि तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर दाब येतो. तिथून जाणारी नस त्या दोन बोटांना जाते. कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेघ आली पाहिजे, तेवढी लिव्हर फिरवा. बोटं आखूड आहेत म्हणून क्लच लिव्हर जवळ यावी यासाठी केबलचा सगळा ढिलेपणा काढणारेही भेटतात. तसं केलं की क्लच अर्धवट दबलेलाच राहतो, घसरतो आणि प्लेटा जळतात. टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर खेळ राहू द्या.

नवीन हँडल बसवताना एक बारीक गोष्ट हमखास नडते. स्विचच्या डबीत आतून छोटी खुंटी असते, ती हँडलच्या भोकात बसते. बाहेरून आणलेल्या हँडलला भोक नसलं की मिस्त्री सरळ खुंटी घासून टाकतो. काही दिवसांनी रात्री डिपर द्यायला जावं तर अख्खी डबीच फिरते. खुंटी ठेवा, मोजून भोक पाडून घ्या. आणि जुनंच हँडल गॅसवर तापवून वाकवून देणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याच्या नादी लागूच नका. तापवलेली नळी वाकते तिथंच कमजोर होते, आणि ती तुटली तर गाडी चालू असतानाच तुटणार.

काम झालं की गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल डावी-उजवीकडं पूर्ण वळवा. वळवताना आपोआप रेस वाढली, तर अॅक्सिलेटरची केबल ताणली जातेय. वळवल्यावर हॉर्न बंद पडला तर वायरिंग दबलंय किंवा ओढलं जातंय.

हँडल हलताना अडत असेल किंवा कटकट वाजत असेल तर तो कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. त्याचा दोष हँडलला देऊ नका.

पाय टेकण्याचा प्रश्न वेगळा, पण लोक दोन्हीची सरमिसळ करतात. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटर, अॅव्हेंजरची ७३७. कागदावर अॅव्हेंजर बुटक्यांची गाडी. पण तिच्यात पाय पुढं टाकायचे असतात, आणि आखूड पायाचा माणूस तिथं पोचता पोचता सीटवरून पुढं घसरतो. मागं पेंडीचं पोतं बांधलं की साध्या गाडीवरही आपण टाकीकडं ढकलले जातो आणि हँडलचं अंतर बदलतं. तुमच्या गाडीवर रोज काही लादलेलं असेल तर लादूनच माप घ्या.

मी रायझर काढून टाकले. क्लॅम्पजवळ बायकोच्या नेलपॉलिशनं रेघ मारली, हँडल तसूभर फिरवलं, केजपर्यंत जाऊन आलो, पुन्हा फिरवलं. आता तिथं तीन लाल रेघा आहेत. तिसरी माझी.