द सर्ज आधी की द सर्ज २? कुठून सुरू करायचं आणि हातपाय कसे तोडायचे

दिवाळीत चुलतभाऊ नवा लॅपटॉप घेऊन घरी आला, फराळाचं ताट पुढ्यात आणि डोळे स्क्रीनवर, म्हणाला, "दादा, सेलमध्ये दोन्ही सर्ज गेम लागलेत, तू सांग कुठला घेऊ?" मी म्हटलं दोन्ही घे, तर म्हणे एकाचेच पैसे उरलेत. मग चकली खाता खाता त्याला जे सांगितलं तेच जरा नीट लिहून काढतोय, कारण हा प्रश्न मला तीनचार जणांनी विचारलाय आणि दर वेळी मी वेगळं काहीतरी बोलतो.

ज्यांना माहितीच नाही त्यांच्यासाठी पटकन: द सर्ज आला मे २०१७ मध्ये, दुसरा सप्टेंबर २०१९ मध्ये. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या डेक१३ नावाच्या स्टुडिओने बनवलेत. २०१४ चा लॉर्ड्स ऑफ द फॉलन ज्यांनी केला त्यात हेच होते. प्रकार म्हणाल तर डार्क सोल्सच्या घराण्यातला, म्हणजे मेलात की गोळा केलेलं सगळं तिथेच पडतं आणि परत जाऊन उचलावं लागतं, फक्त तलवार आणि ड्रॅगनच्या जागी इथे फॅक्टरीतली अवजारं आणि वेडे झालेले कामगार. एवढा वेगळा गेम असून आपल्याकडे कोणाच्या तोंडी नाव नाही, तो डार्क सोल्सची कॉपी म्हणून लोकांनी ट्रेलर बघूनच बाजूला टाकला असं माझं मत.

आता मुद्दा. एकच गेम घेणार असाल आणि या प्रकारचे गेम आधी खेळलेले असतील तर पहिला घ्या. दोन्ही घेणार असाल तरी आधी पहिला. आणि अशा गेममध्ये तासाभरात कंट्रोलर आपटणारे असाल तर मात्र सरळ दुसरा घ्या, पहिल्याकडे बघूही नका. यामागे स्टोरी वगैरे काही नाही, हाताची सवय हे कारण आहे. दुसऱ्यात मारामारी इतकी सफाईदार केलीये की तिथून पहिल्यात आलात तर हात बांधल्यासारखे वाटतात. मी स्वतः उलट्या क्रमाने पुन्हा खेळून बघितलंय, पहिले दोन दिवस नुसता मरत होतो.

पण पहिला सोडायचा नाही कारण त्याच्यासारखी सुरुवात फार कमी गेममध्ये आहे. वॉरन नावाचा माणूस क्रिओ कंपनीत नोकरीच्या पहिल्या दिवशी ट्रेनने चाललाय, डब्यात कंपनीचा व्हिडिओ चालू आहे, आम्ही जग वाचवतोय वगैरे, आणि ट्रेन थांबते तेव्हा कळतं की तो व्हीलचेअरवर आहे. ती खुर्ची तुम्हीच चालवत नेता. पुढे दोन पर्याय, लिंक्स की ऱ्हायनो, एक चपळ आणि एक जड. निवडलं की मशीन त्याला झोपवतं आणि बधिर न करता एक्झोसूट, म्हणजे अंगावरचा यांत्रिक सांगाडा, हाडात स्क्रूने बसवायला लागतं, तो ओरडतोय आणि मशीन आपलं चालूच. शुद्धीवर येतो तर भंगारात पडलेला, पण पायावर उभा. हे सगळं दहापंधरा मिनिटांत. (लिंक्स घ्या ऱ्हायनो घ्या, फार डोकं लावू नका, पुढे हवा तो आर्मर मिळवता येतोच.)

आता खेळायचं कसं. दोन्हीचा जीव एकाच गोष्टीत आहे, अवयव निवडून मारणं. शत्रूवर लॉक केलं की उजव्या स्टिकने डोकं, छाती, दोन हात, दोन पाय यातलं एक निवडायचं. पिवळं दिसलं म्हणजे तिथे आर्मर आहे, निळं म्हणजे उघडं. नवीन माणूस कायम निळ्यावर मारतो कारण लवकर मरतं, आणि मग तीन तासांनी विचारतो की मला हेल्मेट का मिळत नाहीये. अरे बाबा, जे तोडशील ते मिळेल. हेल्मेट पाहिजे तर आर्मर असलेलं डोकं मारत राहायचं, शत्रू मरायला टेकला आणि तुमची एनर्जी पुरेशी असली की बटण दाबून धरायचा प्रॉम्प्ट येतो, धरून ठेवलंत की डोकं उडतं आणि हेल्मेटचं डिझाइन तुमचं. हत्यार आवडलं तर ज्या हातात हत्यार आहे तो हात. डिझाइन एकदा मिळालं की पुढे तोच अवयव तोडून अपग्रेडचं सामान मिळतं, म्हणजे पाय अपग्रेड करायचे तर लोकांचे पायच गोळा करत फिरायचं. माझ्या आईने मागून एकदा बघितलं आणि विचारलं हे काय चाललंय, मी म्हटलं खरेदी.

तर नियम सोपा: घाई असेल तर निळं, काही हवं असेल तर पिवळं. बॉसच्या, म्हणजे भागातल्या मोठ्या शत्रूच्या, वाटेवर निळं. हे दोन्ही गेमला लागू.

पहिल्यात ब्लॉक जवळजवळ विसरा. ब्लॉक केलं की स्टॅमिना, म्हणजे दम, फुर्र होतो. त्याऐवजी ब्लॉक धरून स्टिक खाली केली तर वॉरन वाकतो, वर केली तर उडी मारतो, म्हणजे आडवा वार डोक्यावरून जातो आणि पायावरचा वार खालून. हे गेम एकदा सांगतो आणि गप्प बसतो, म्हणून अर्ध्या लोकांना माहितीच नसतं. पहिल्या भागातल्या, अबँडन्ड प्रॉडक्शनमधल्या एखाद्या साध्या कामगारासमोर उभं राहून वीस मिनिटं फक्त हेच करा, मारू नका. कंटाळवाणं आहे, पण पुढचे पंधरा तास वाचतात.

पहिला बॉस पॅक्स, तिथे बरेच जण गेम सोडतात. दोन पायांचं अवाढव्य मशीन आहे, लांब पळालात तर चिरडतं. त्याच्या पायांत घुसा, पाय हाणत राहा, पाय उचलला की बाजूला. त्याचा मीटर भरला की ते मिसाइल सोडायला लागतं, आणि इथे सगळे पळतात, तिथेच चुकतं. पळायचं नाही, त्याच्या पोटाखाली उभं राहायचं, म्हणजे तुमच्यावर सोडलेली मिसाइल त्याच्याच अंगावर पडतात, ते कोसळतं, मधला भाग उघडा पडतो, आता मनसोक्त हाणा. मला हे कळायला एक अख्खा रविवार गेला, दुपारचं जेवण थंड झालं, आणि कळल्यावर पुढच्या दोन प्रयत्नांत संपला.

दुसऱ्यात हीच गोष्ट उलटी होते, तिथे ब्लॉक हेच मुख्य हत्यार आहे. ब्लॉक धरायचं आणि उजवी स्टिक ज्या दिशेने वार येतोय तिकडे करायची, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. दिशा बरोबर आणि वेळ बरोबर जुळली की शत्रू हलतो, धडपडतो, आणि तुम्हाला एक वार फुकटात मिळतो. दिशा दाखवणारं एक इम्प्लांट (सूटमध्ये बसवायचा जादा तुकडा) सुरुवातीच्या भागातच हाती लागतं, ते लगेच लावा, लाज वाटू देऊ नका. काही शहाणे म्हणतात ते म्हणजे चीटिंग, त्यांना म्हणू द्या. महिनाभराने काढून टाका हवं तर. मी अजून काढलेलं नाहीये.

दुसरा मोठा फरक बरं व्हायचा. पहिल्यात बरं करणारी इंजेक्शनं ठरावीक असतात, संपली की मेडबेला, म्हणजे बरं व्हायच्या ठिकाणी, परत, आणि मेडबे वापरला की मेलेले सगळे पुन्हा उभे. त्यामुळे माणूस घाबरून खेळतो, कोपऱ्यातून डोकावत. दुसऱ्यात तुम्ही मारता त्यातून बॅटरी भरते आणि बॅटरीतून इंजेक्शन, म्हणजे जो मारेल तो जगेल. जीव कमी झाला म्हणून मागे सरकायची पहिल्याची सवय इथे मारते, पुढे जाऊन दोन पटापट वार करायचे आणि मग इंजेक्शन. पहिल्यातून दुसऱ्यात जाणाऱ्याने सगळ्यात आधी हीच सवय मोडायची. आणि मेल्यावर पडलेलं स्क्रॅप, म्हणजे शत्रू मारून गोळा केलेलं भंगार, उचलायला वेळेची मर्यादा असते, वर टायमर धावत असतो, तो बघून घाबरून सगळ्यांच्या मधून पळू नका. पहिल्यात वाटेत शत्रू मारलेत की टायमर वाढतो, म्हणून मारत मारतच जायचं.

लेव्हलचंही वेगळं. पहिल्यात लेव्हल वाढली की फक्त कोअर पॉवर वाढते, म्हणजे अंगावर किती वजनाचं सामान चालेल एवढंच, काही दारंही ठरावीक कोअर पॉवर असेल तरच चालू होतात. दरवाजा उघडत नाही म्हणून चावी शोधत तास घालवू नका, बहुतेक वेळा तुमची पॉवर कमी पडते. दुसऱ्यात त्यासोबत हेल्थ, स्टॅमिना आणि बॅटरी यात पॉइंट वाटता येतात. पहिल्यांदा खेळताय तर स्टॅमिनाला हात आखडू नका. आर्मरचा सेटही दुसऱ्यात सोयीचा, तीन तुकड्यांवर अर्धा फायदा आणि सहाही एकाच सेटचे असले तर पूर्ण, म्हणून दोन सेट अर्धे अर्धे घालून बघा, कुठला जमतो ते कळतं.

आता जागा. इथे पहिला जिंकतो आणि माझ्या मते सहज जिंकतो. प्रत्येक भागात एक ऑप्स, म्हणजे मेडबे आणि वर्कबेंच असलेली तुमची खोली, आणि दीड तास अंधारातून, पाइपांमधून, लिफ्टने खालीवर करत कुठेतरी भलतीकडे पोचलात असं वाटत असताना एक दार उघडता आणि समोर तीच ऑप्स, आत रेडिओवर तेच गाणं चालू. त्या क्षणी जो जीव भांड्यात पडतो तो दुसऱ्यात मला एकदाही मिळाला नाही. पण नकाशा नाही, भिंती सारख्या, सेंट्रल प्रॉडक्शन बी मध्ये तर चकवा लागल्यासारखं फिरायला होतं. उपाय एकच, नवीन दार उघडलं की लगेच पुढे न पळता दोनदा मागेपुढे करून बघा कुठून कुठे निघतो. आणि खिशात स्क्रॅप बऱ्यापैकी जमलं की ऑप्सला जाऊन ठेवून या. तसे न जाता मारत राहिलात तर मिळणाऱ्या स्क्रॅपचा गुणाकार वाढत जातो, पण ती हाव आहे, आणि ती मला दर वेळी नडलीये.

दुसऱ्यातलं जेरिको शहर मोठं, भिंत घालून बंद केलेलं, लष्कर रस्त्यावर, एका बाजूला नॅनाइटची, म्हणजे अतिसूक्ष्म यंत्रांची, पूजा करणारा पंथ, एका बाजूला बागबगीचा. तुमचं पात्र तुम्हीच बनवायचं, विमान पडल्यावर पोलिसांच्या कोठडीत जाग येते तिथून सुरुवात. भाग एकमेकांना छान जोडलेत, ड्रोनला नवीन मॉड्यूल मिळालं की जुन्या भागातली बंद वाट उघडते, त्यामुळे जिथे जमलं नाही ती जागा मनात ठेवा. भिंतींवर इतर खेळाडूंनी ड्रोनने रंगवलेली चिन्हं दिसतात, पुढे खजिना आहे, मागे कोणीतरी दबा धरून आहे असली. ऐंशी टक्के खरी असतात आणि वीस टक्के लोक तुम्हाला दरीत उडी मारायला लावतात. स्वतःचा झेंडाही लपवता येतो, जितका वेळ कोणाला सापडत नाही तितकं बक्षीस. स्टोरी मात्र अर्धा वेळ कोण कोणासाठी काम करतंय यातच जाते, लक्ष दिलं नाही तरी चालतं. पहिल्याची स्टोरीही भिंतीवरच्या ऑडिओ लॉगमध्येच जास्त आहे, पण त्यात एक कंपनी आणि एक खोटं, बस, म्हणून ती डोक्यात राहते.

पटत नसेल तर स्वतः तुलना करा, पण नीट करा. दोन्हीत एकाच प्रकारचं हत्यार घ्या, मी काठी घेतो कारण ती दोन्हीत आहे, आणि पहिल्या बॉसपर्यंत खेळा, मध्ये दुसरा गेम नको. एकात एकहाती आणि दुसऱ्यात जड हातोडा घेऊन हा स्लो आणि तो फास्ट असं म्हणणारे खूप भेटतात, ती तुलना हत्यारांची झाली, गेमची नाही. हत्यार वापराल तसा त्याच्यात हात बसतो, म्हणून पहिल्यात तर अजिबात बदलत बसू नका. कीबोर्ड माउसवर दिशेचं ब्लॉक जमतं पण माझी मान दुखते, साधा कंट्रोलर मागून घ्या कोणाकडून तरी.

डीएलसीचं, म्हणजे वेगळ्याने विकत घ्यायच्या जादा भागांचं, थोडक्यात. पहिल्याचं अ वॉक इन द पार्क घ्याच, क्रिओचं अम्युझमेंट पार्क, मांजराचं मोठ्ठं प्लास्टिकचं डोकं घातलेले शत्रू तुमच्यावर धावून येतात आणि हसावं की पळावं कळत नाही, आणि हो, ते डोकंही तोडून घालता येतं. वेस्टर्न स्टाइलवालं दुसरं डीएलसी मारामारीची हौस असेल तरच. दुसऱ्याचं क्रॅकन जुन्या विमानवाहू जहाजावर आहे, ते मुख्य गेम संपल्यावर सेल लागला की बघा.

भावाने शेवटी पहिलाच घेतला. काल रात्री साडेअकराला त्याचा मेसेज, दादा मिसाइल पोटाखाली पडतायत पण मीपण तिथेच मरतोय. त्याला म्हटलं मिसाइल सुटल्यावर एक पाऊल मागे सरक ना, मी काय सगळंच सांगू.