ठाण्यात मेडिकलवर उभं राहण्याआधी

दरवर्षी निकाल लागले की आमच्या परभणी-हिंगोलीकडून फोन सुरू होतात. "ताई, पोराचं डी.फार्म झालंय, ठाण्यात कुठं चिकटवता का?" चिकटवते. पण त्याआधी जे सांगायचं असतं ते प्रत्येकाला फोनवर सांगत बसायला दुकानात सवड मिळत नाही, म्हणून एकदाच नीट लिहिते. मी नौपाड्यात मेडिकलवर नोकरी केली, मग नेरुळला हॉस्पिटलच्या फार्मसीत, आणि आता कोपरखैरण्यात आम्हा नवरा-बायकोचं दुकान आहे. नोकराची बाजू मला माहीत आहे, मालकाचीही.

आधी नोंदणी. डी.फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा हातात आला म्हणजे फार्मासिस्ट झालो, असं नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार ज्या राज्यात काम करायचं त्या राज्याच्या नोंदवहीत नाव लागावं लागतं. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचं. कार्यालय मुलुंड पश्चिमेला, एलबीएस मार्गावर ईएसआयएस हॉस्पिटलच्या आवारात. ठाण्याहून ते एकाच स्टेशनावर आहे आणि ऐरोलीकरांना पूल ओलांडला की झालं. तरी अर्जाची तयारी गावी असतानाच करा. दहावीच्या सर्टिफिकेटवर नावाचं स्पेलिंग एक आणि डिप्लोम्यावर दुसरं निघालं, की कॉलेजच्या चकरा परभणीलाच माराव्या लागतात. डिप्लोमावाल्यांसाठी २०२२ च्या नियमांनी नोंदणीआधी द्यायची एक्झिट परीक्षाही आली आहे. तुमच्या बॅचला ती लागू आहे का, ते कॉलेजातच विचारून घ्या.

बेळगाव, निपाणी, बिदरकडून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. कर्नाटकच्या नोंदणीवर इथे काउंटरवर उभं राहता येत नाही. तिकडच्या कौन्सिलकडून ना-हरकत घेऊन इकडे नाव लावून घ्यावं लागतं. नोकरी आधी आणि नोंदणी सावकाश, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका.

डिप्लोम्यातलं ५०० तासांचं प्रशिक्षण कुणी ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणलं असेल, तर ते इथे पहिल्याच आठवड्यात उघडं पडतं. त्यावर उपाय एकच, सुरुवातीचे काही महिने गर्दीच्या दुकानात काढा, पगार थोडा कमी असला तरी.

आता मुख्य गोष्ट. इथे आल्या आल्या कोणीतरी तुम्हाला चहाला बोलावेल आणि म्हणेल, "तुमचं सर्टिफिकेट लावू, यायची गरज नाही, महिन्याच्या महिन्याला पैसे खात्यात." पाहुण्यातलाच माणूस असेल, गोड बोलेल. तुम्ही दुसरीकडे काम करा, गावी जा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करा, त्याला चालतं. त्याला भिंतीवर टांगायला फक्त तुमचं नाव हवं असतं.

यात काय होतं ते सांगते. औषध दुकानाचं लायसन अन्न व औषध प्रशासन (एफडीए) देतं. ठाणे जिल्ह्याचं त्यांचं कार्यालय वागळे इस्टेटमध्ये आहे. (खारघर, कामोठे, पनवेल हे नवी मुंबईत धरतात, पण जिल्हा रायगड, त्यामुळे तिथल्या दुकानाचे कागद वेगळीकडे जातात.) त्या लायसनला तुमचा नोंदणी क्रमांक जोडलेला असतो. चिठ्ठीवरचं प्रत्येक औषध तुमच्या देखरेखीखाली गेलं, असं कायदा धरून चालतो, आणि बिलावर सही फार्मासिस्टची लागते. तुम्ही परभणीत आणि सही इथे पोऱ्या मारतोय. त्या दुकानातून झोपेच्या गोळ्या किंवा कोडीनचं सिरप भलत्या हातात गेलं, तर औषध निरीक्षक विचारणार कोणाला? फार्मसी कायद्याच्या कलम ४२ मध्ये नोंदणी नसलेल्याने चिठ्ठीवरचं औषध देण्याला तुरुंगवास आणि दंड दोन्हीची तरतूद आहे. कलम ३६ खाली तुमचं नाव नोंदवहीतून काढता येतं, म्हणजे शिकलेलं सगळं पाण्यात. २०१२ च्या सुमारास महेश झगडे एफडीएचे आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर राज्यभर कारवाया झाल्या. तेव्हा औषध विक्रेत्यांनी किती आरडाओरडा केला होता, हे जुन्या लोकांना विचारा. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या धंद्याची किंमत सरकारने नाही, सर्टिफिकेट भाड्याने देणाऱ्यांनीच घालवली. मालकाला महिन्याला कागद स्वस्तात मिळत असेल तर तो माणसाला पगार कशाला देईल?

चांगलं दुकान ओळखायचं कसं? मुलाखतीला जाल तेव्हा एच-वनचं रजिस्टर मागा. शेड्यूल एच-वन ही चिठ्ठीवरच द्यायच्या आणि वेगळी नोंद ठेवायच्या औषधांची सरकारी यादी, मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यात वरच्या पिढीची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल अशी औषधं येतात. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं ठेवायचं असतं. रजिस्टर रोजच्या रोज भरलेलं, वेगवेगळ्या पेनांनी, कडेला चहाचा डाग, असं दिसलं तर दुकान खरं. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत उतरवलेल्या दिसल्या, तर नमस्कार करून निघा. फ्रीजही बघा. २ ते ८ अंशांचा थर्मामीटर आत आहे का, की इन्सुलिनच्या शेजारी दुधाची पिशवी आहे?

आता तुम्ही ज्यासाठी विचारता तो विषय. मोबाइलवर बघून पोरं म्हणतात, परदेशात फार्मासिस्ट औषध लिहून देतो, लस टोचतो, आपल्याकडे का नाही? खरं आहे. इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून घसादुखी, कानदुखी, बायकांची साधी लघवीची जळजळ अशा सात तक्रारींवर दुकानातला फार्मासिस्टच उपचार देऊ शकतो. कॅनडातल्या अल्बर्टात औषध लिहायचा अधिकार २००७ पासून आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. आपल्याकडे कोविडच्या लसीकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत लस टोचणाऱ्यांच्या यादीत फार्मासिस्टचंही नाव होतं, पण ते त्या मोहिमेपुरतं. आज आपण औषध लिहून देत नाही, इंजेक्शन टोचत नाही. गिऱ्हाईक सवयीने "डॉक्टर" म्हणतं, म्हणून फुगू नका. माथाडी वस्तीतली माणसं बाजार समितीतून थेट काउंटरवर येतात आणि "कंबर धरलीय, एक चांगली गोळी द्या" म्हणतात. डॉक्टरकडे जायला त्यांना अर्ध्या दिवसाची मजुरी सोडावी लागते, हेही खरं. बीपी मोजून द्या, शुगर बघा, कोणी अडवत नाही. पण आकडा बघून चिठ्ठीशिवाय शेड्यूल एचची, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या यादीतली गोळी हातात ठेवली, की तुम्ही ओळ ओलांडली.

दुसरी एक ओळ नव्यांना माहीतच नसते. शेड्यूल एच किंवा त्याहून कडक अशा शेड्यूल एक्समधल्या औषधाच्या जागी दुसरं औषध द्यायला नियमांनीच मनाई आहे, आत तोच घटक असला तरीही. म्हणजे डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहिलं असेल तर "जेनेरिक घ्या, स्वस्त पडेल" असं स्वतःच्या अधिकारात बदलून देता येत नाही. मला हा नियम पटत नाही, विशेषतः आता गल्लोगल्ली जनऔषधी केंद्रं असताना. पण नियम आहे तोवर मार्ग एकच, डॉक्टरांना फोन. तसंच, डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल तर एकच चिठ्ठी पुन्हा पुन्हा चालवायची नसते. औषध दिलं की चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख टाका. अर्धे मेडिकलवाले हे करत नाहीत, तुम्ही करा.

मग आपल्या हातात राहिलं काय? पुष्कळ. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी पेशंटला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य केलं. औषध कशासाठी, किती, कधी, चुकलं तर काय करायचं, कोणता त्रास होऊ शकतो, ठेवायचं कुठे, हे सगळं त्यात आलं. पांढरा कोट आणि नावाचा बिल्लाही त्याच नियमांतला. उकाड्यात नको वाटतो, पण घाला. बिल्ला लावलेल्या माणसाला लोक प्रश्न विचारतात.

माझ्या दुकानातलं एक सांगते. संधिवाताच्या एक काकू मेथोट्रेक्सेटची स्ट्रिप घेऊन गेल्या. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. पंधरा दिवसांत त्या पुन्हा तीच स्ट्रिप मागायला आल्या. हिशोब जुळेना. "काकू, कधी घेता?" "रोज रात्री जेवल्यावर, अगं बाकीच्या गोळ्यांबरोबरच." तोंडात फोड आले होते, त्यांना वाटलं उष्णता आहे, म्हणून गुलकंद खात होत्या. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांच्या मुलाला बोलावून लगेच हॉस्पिटलला पाठवलं. औषध लिहायचा अधिकार नसताना केलेलं हे काम आहे, आणि ते तुमच्याशिवाय त्या साखळीत दुसरं कोणी करत नाही. तेव्हापासून मेथोट्रेक्सेट देताना स्ट्रिपच्या मागे मार्करने "फक्त सोमवार" असं वार ठरवून लिहिते आणि माणसाकडून एकदा वदवून घेते. अशा गोळ्यांचा साठा किती दिवसांत संपला पाहिजे, हे डोक्यात ठेवायची सवय लावा. लवकर संपला तरी विचारा, उशिरा संपला तरी विचारा.

उपवासांचंही तसंच. आषाढीला, नवरात्रात, श्रावणी सोमवारी मधुमेहाचे पेशंट पोटात काही नसताना साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतात आणि दुपारी घाम फुटून बसतात. रमझानमध्ये मुंब्र्याकडून येणाऱ्यांचं वेळापत्रक आणखी वेगळं. डोस आपण बदलायचा नाही, पण सणाच्या आठवडाभर आधी "उपवास धरणार का? मग डॉक्टरांना विचारून घ्या, साखर उतरली तर हे करा" एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात. गुजराती, मल्याळी, आगरी, सगळ्या तऱ्हेची माणसं काउंटरवर येतील. हिंदीवर भागतं, पण घणसोली-कोपरखैरण्याच्या गावठाणातल्या आजीशी तिच्या बोलीत दोन शब्द बोललात तर ती औषधांची अख्खी पिशवी तुमच्यापुढे उपडी करते. त्या पिशवीत एकाच औषधाचे दोन ब्रँड सापडणं ही रोजची गोष्ट आहे.

दोन कामं कायद्याच्या आणि सरकारी योजनांच्या चौकटीतच आपल्याकडे आली आहेत आणि आळसाने राहून जातात. पहिलं टीबीचं. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने टीबीची औषधं देणाऱ्या दुकानदारालाही पेशंटची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक केलं. नुसती नोंद करून थांबू नका. निक्षय पोषणाचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला आहारासाठी मिळणारे सरकारी पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये झालेत, हे पेशंटला सांगा, कित्येकांना पत्ता नसतो. दुसरं, औषधाने झालेला त्रास कळवणं. त्यासाठी डॉक्टरच असावं लागत नाही. १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री नंबर आहे, फॉर्मही साधा आहे. अंगावर पुरळ घेऊन आलेल्या माणसाला "गोळी बंद करून डॉक्टरांना दाखवा" म्हणालात, की पुढची पाच मिनिटं तो फॉर्म भरण्यात घाला.

फार्म.डी. वाल्यांचं थोडं वेगळं. हा सहा वर्षांचा कोर्स आपल्याकडे २००८ पासून आहे, आणि २०२१ च्या सुधारणेने हॉस्पिटलात क्लिनिकल फार्मासिस्टचं पद नियमांत आलं. नवी मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलांत वॉर्डात फिरून चार्ट तपासणं, किडनीच्या रिपोर्टप्रमाणे डोस जास्त होतोय का बघणं, डिस्चार्जच्या वेळी औषधं समजावणं हे काम मिळतं. सल्ला तुम्ही द्यायचा, बदल डॉक्टरांनी करायचा. सुरुवातीला सिनियर डॉक्टर ढुंकून बघत नाहीत. कागदावर आधार दाखवून, आवाज न चढवता बोललात तर महिनाभरात तेच फोन करतात. ठाणे-ऐरोली पट्ट्यात फार्माकोव्हिजिलन्सच्या, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासायच्या, ऑफिसातल्या नोकऱ्याही आहेत. एसी, शनिवार-रविवार सुट्टी. जायचं तर जा, पण नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नका. त्यासाठी पाच वर्षांत किमान दोन रिफ्रेशर कोर्स लागतात.

राहायला घणसोली, कोपरखैरणे, कळवा इथे पोरं मिळून खोली घेतात. मेडिकल रात्री उशिरा बंद होतं, त्यामुळे चालत पोचता येईल अशीच खोली बघा. ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाणे-नवी मुंबई लोकलच्या, शेवटच्या गाडीवर विसंबून राहू नका.

आणि नोकरी सोडाल तेव्हा. मालकाने फार्मासिस्ट बदलल्याचं एका महिन्यात प्रशासनाला कळवायचं असतं. तो कळवतोच असं नाही, कारण नवा माणूस मिळेपर्यंत तुमच्याच नावावर दुकान चालवणं त्याला सोयीचं असतं. म्हणून राजीनाम्याची एक प्रत स्वतः एफडीएच्या कार्यालयात द्या, पोच घ्या, आणि भिंतीवरचं आपलं सर्टिफिकेट फ्रेमसकट उतरवून घरी न्या. फ्रेमचे पैसे मालकाने दिले असतील तर फ्रेम त्याला ठेवू द्या.