गरम पाण्याच्या टबात ओझोन वापरताना

लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग या भागांतल्या शनिवार-रविवारच्या बंगल्यांमध्ये गरम पाण्याचे टब, ज्यांना आपण सरसकट जकूझी म्हणतो, आता बऱ्याच ठिकाणी दिसतात. त्यांच्याबरोबर ‘ओझोन आहे, वेगळे औषध टाकावे लागत नाही’ हे वाक्यही विक्रेत्याकडून मालकाकडे आणि मालकाकडून केअरटेकरकडे जात राहते. लोणावळ्यातल्या आमच्या टबाच्या बाबतीत मीही ते खरे मानले होते. पहिल्याच पावसाळ्यात एका रात्री वीज गेली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, आणि झाकण उघडले तेव्हा पाणी पातळ ताकासारखे गढूळ झाले होते व पाण्याच्या रेषेवर बोट फिरवले की बुळबुळीत थर हाताला लागत होता. ओझोनच्या यंत्रात काही बिघाड नव्हता. चूक होती ती एकट्या ओझोनवर विसंबण्यात.

ओझोन म्हणजे ऑक्सिजनच्या तीन अणूंचा रेणू. तो क्लोरीनपेक्षाही तीव्र ऑक्सिडीकारक आहे, आणि फ्रान्समधल्या नीस शहरात १९०६ सालापासून पिण्याच्या पाण्यासाठी त्याचा वापर होत आला आहे, त्यामुळे त्याच्या गुणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र तो टिकत नाही. पाणी जितके गरम, तितका तो कमी विरघळतो आणि लवकर मोडतो. ३८ ते ४० अंश सेल्सिअस तापमानाच्या टबात तो काही मिनिटांतच निम्म्यावर येतो. याचा अर्थ असा की जिथे तो पाण्यात मिसळतो त्या नळीत तो घाम, त्वचेवरचे तेल, क्रीम आणि जंतू यांच्यावर चांगले काम करतो, परंतु टबात बसलेल्या माणसाभोवतीच्या पाण्यात तो उरत नाही, आणि पंप थांबला की पाण्याला त्याचे कोणतेही संरक्षण राहत नाही. त्यामुळे क्लोरीन किंवा ब्रोमीनला पर्याय नाही. ओझोनमुळे त्यांच्यावरचा भार हलका होतो, डोळे चुरचुरणे आणि तो उग्र वास कमी होतो, आणि हा फायदा खर्च करण्याजोगा नक्कीच आहे.

यंत्रे दोन प्रकारची मिळतात. एकात १८५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील दिवा असतो, तर दुसऱ्यात उच्च दाबाच्या विजेच्या ठिणगीसदृश विसर्जनातून, म्हणजे कोरोना डिस्चार्जमधून, हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन होतो. दुसरा प्रकार जास्त ओझोन देतो, पण त्याला कोरडी हवा लागते. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब असते. अशा हवेत त्याचे उत्पादन घटते आणि हवेतल्या नायट्रोजनपासून थोडे नायट्रिक आम्लही तयार होते, जे ओझोन तयार करणारी आतली चिप आणि नळीतला व्हॉल्व्ह खाऊन टाकते. म्हणून घाटमाथ्यावर किंवा किनाऱ्यावर हा प्रकार घ्यायचा असेल, तर हवेच्या तोंडाशी सिलिका जेलचा ड्रायर घ्यावा आणि दाण्यांचा रंग बदलला की ते वाळवावेत किंवा बदलावेत.

बसवताना चार गोष्टींवर तडजोड करू नये. ओझोन पाण्यात ओढणारी व्हेंच्युरी फिल्टर आणि हीटर यांच्यानंतर, पाणी टबात परतण्याच्या शेवटच्या टप्प्यावर असावी, म्हणजे ओझोनयुक्त पाणी हीटरच्या धातूवर आदळत नाही. यंत्र पाण्याच्या पातळीच्या वर लावावे. ते शक्य नसेल तर नळीचा वळसा पातळीच्या वर नेऊन मगच खाली आणावा आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालावा, कारण पंप थांबल्यावर पाणी उलटे यंत्रात शिरले की चिप गेलीच म्हणून समजा. नळी साधी रबरी नको, ती काही महिन्यांत तडकते. टेफ्लॉन किंवा ओझोनसाठीच बनवलेली नळी घ्यावी. हवा ओढण्याचे तोंड क्लोरीनचे डबे ठेवलेल्या खोलीत नसावे. याशिवाय टबाच्या वीजजोडणीवर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, असलाच पाहिजे, आणि यंत्राला हात लावण्यापूर्वी वीज पूर्ण बंद करावी.

चालवण्याची वेळ टब रिकामा असतानाची ठेवावी. रात्री आणि पहाटे असे दोन टप्पे टायमरवर लावता येतात, आणि पाहुणे जास्त असतील त्या दिवसांत तास वाढवावेत. पाण्यात न विरघळलेला ओझोन झाकणाखाली साठतो, म्हणून टबात उतरण्यापूर्वी झाकण काढून दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. वीज कडाडल्यानंतर हवेत येतो तसा तीक्ष्ण वास येत असेल, तर आत कोणीही बसू नये. अमेरिकेतल्या कामाच्या ठिकाणांसाठी हवेतल्या ओझोनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने ०.१ पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) आहे, आणि दम्याच्या रुग्णाला त्याचा त्रास इतरांच्या आधी होतो. बंद खोलीतल्या टबासाठी बाहेर हवा टाकणारा पंखा आवश्यकच आहे. झाकणाच्या आतल्या बाजूचे रेक्झिन कडक होऊन तडकू लागले असेल, तर ओझोन पाण्यात नीट मिसळत नसल्याचीही ती खूण असू शकते.

यंत्र चालू आहे म्हणजे ओझोन तयार होतो आहे, असे धरून चालू नये. यंत्रावरचा दिवा फक्त वीज पोहोचल्याचे सांगतो, आणि टबाच्या तळाशी दिसणारे बारीक बुडबुडे फक्त हवा ओढली जात असल्याचे. खरी तपासणी शाळेच्या प्रयोगशाळेत असतो त्या पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चच्या कागदाने होते. व्हेंच्युरीजवळची नळी सोडून, कागद आरओच्या पाण्याने ओला करून तिच्या तोंडाशी धरावा. वाहती हवा नसेल तर माशांच्या टाकीचा छोटा एअरपंप यंत्राच्या हवेच्या तोंडाला जोडावा. ओझोन असेल तर कागद निळा-जांभळा होतो. तो टबाच्या पाण्याने ओला करू नये, कारण त्यातले क्लोरीनही हाच रंग देते आणि आपली फसगत होते. हे काम उघड्यावर करावे आणि नाक त्या नळीजवळ नेऊ नये. दर तीन महिन्यांनी एकदा एवढे केले तरी चिप किंवा दिवा कधी थकला ते वेळेवर कळते.

आता क्लोरीन. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने गरम टबासाठी किमान ३ पीपीएम क्लोरीन किंवा ४ पीपीएम ब्रोमीन आणि ७.० ते ७.८ पीएच सांगितला आहे, आणि ओझोन आहे म्हणून यात सूट नाही. कोमट पाण्यात स्यूडोमोनस आणि लिजिओनेला हे जंतू झपाट्याने वाढतात. पहिल्यामुळे अंगावर पुरळ उठते, तर दुसरा वाफेच्या तुषारांतून फुप्फुसात जाऊन जिवावर बेतू शकतो. १२०० लिटरच्या टबात १ पीपीएम वाढवण्यासाठी १० टक्क्यांचे द्रव क्लोरीन सुमारे १२ मिलिलिटर लागते. विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर इथे नको, तिच्यातला चुना हीटरवर बसतो. डायक्लोर-ट्रायक्लोरच्या गोळ्याही नकोत, त्यांच्यातले सायन्युरिक आम्ल साठत जाऊन क्लोरीनला मंद करते. ओझोन थोडे क्लोरीन स्वतःही खर्च करतो, त्यामुळे क्लोरीन मोजणाऱ्या पट्टीने तपासणी टब वापरण्याच्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी, अशी दोनदा हवी. ब्रोमीन वापरणाऱ्यांची इथे थोडी सोय आहे: पाण्यात सोडियम ब्रोमाइड असले की, ब्रोमीन खर्च होऊन उरलेल्या ब्रोमाइडचे ओझोन पुन्हा ब्रोमीन करतो.

बोअरवेलचे पाणी भरले असेल आणि त्यात लोह असेल, तर ओझोनमुळे ते विटकरी रंगाने बाहेर पडते. पाणी बिघडले म्हणून घाबरू नये, फिल्टर रोज धुवावा. पाणी बदलण्याचा साधा हिशेब असा, की टबाच्या लिटरना १२ ने भागावे आणि आलेल्या आकड्याला रोजच्या सरासरी माणसांनी भागावे. १२०० लिटर आणि ४ माणसे, म्हणजे २५ दिवस. रिकामे करण्याआधी दोन दिवस क्लोरीन टाकणे थांबवून झाकण उघडे ठेवावे, पट्टीवर क्लोरीन शून्य दिसल्यावर पाणी आंब्या-नारळाच्या मुळांशी सोडता येते; ब्रोमीनचे पाणी मात्र सांडपाण्याच्या गटारातच जाऊ द्यावे.