सॅन हुआन पर्वतातील जुन्या खाणी नकाशावर कशा शोधाव्यात

कोलोराडोतील सॅन हुआन पर्वतरांगेत, सिल्व्हरटनच्या आसपास, सोन्या-चांदीच्या बंद पडलेल्या खाणी डोंगरभर विखुरलेल्या आहेत. त्या शोधायच्या असतील तर अमेरिकी भूगर्भीय सर्वेक्षण संस्थेचे जुने स्थलनिर्देशक नकाशे हाच सर्वांत भरवशाचा आधार होय, आणि ते संस्थेच्या ‘टोपोव्ह्यू’ या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात.

नकाशा उघडल्यावर प्रथम समासातील मजकूर वाचावा. तेथे सर्वेक्षणाचे, आवृत्तीचे आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष वेगवेगळे दिलेले असू शकते. यांपैकी सर्वेक्षणाचे वर्षच महत्त्वाचे, कारण पुनर्मुद्रित नकाशावर कित्येकदा दशकांपूर्वीचीच स्थिती छापलेली असते. नंतरच्या काही आवृत्त्यांतील जांभळ्या रंगाची भर हवाई छायाचित्रांवरून घातलेली असून ती प्रत्यक्ष जागेवर पडताळलेली नसते.

त्यानंतर प्रमाण पाहावे. 1:62,500 या जुन्या प्रमाणात एक इंच म्हणजे जवळजवळ एक मैल, तर 1:24,000 मध्ये एक इंच म्हणजे 2,000 फूट. एकाच उतारावरील खाणींची तोंडे वेगळी ओळखायची असतील तर दुसऱ्या प्रमाणाचा नकाशा हवा. मात्र उखडलेले लोहमार्ग आणि ओस पडलेल्या वस्त्या पहिल्यावरच सापडण्याची शक्यता अधिक. उघड्या खाणीसाठी किंवा दगडखाणीसाठी एकमेकांवर आडवी ठेवलेली दोन हत्यारे, चाचणीच्या खड्ड्यासाठी फुली, उभ्या विवरासाठी अर्धा काळा चौकोन अशी चिन्हे असतात. चिन्ह नाही म्हणून खाण नाही, असा निष्कर्ष मात्र काढू नये, कारण लहान खोदकामे सर्वेक्षकांनी बऱ्याचदा वगळलेली असतात.

एकाच जागेचे दोन काळांतील नकाशे शेजारी ठेवण्याचे महत्त्व याच भागातील सनीसाइड खाणीवरून कळते. या खाणीवर एमा नावाचे सरोवर होते. 4 जून 1978 रोजी त्याचा तळ खचला आणि सारे पाणी खाणीतून वाहून गेले. रविवार असल्यामुळे आत कोणी नव्हते. त्यामुळे या भागात केवळ 1978 पूर्वीच्या सर्वेक्षणाचा नकाशा घेऊन वाट ठरवू नये.

शेवटी, जुन्या नकाशावरील अक्षांश-रेखांश मोबाइलमध्ये जसेच्या तसे भरू नयेत. त्यांपैकी बहुतेक 1927 च्या उत्तर अमेरिकी संदर्भप्रणालीवर (अक्षांश-रेखांश मोजण्याच्या जुन्या आधारपद्धतीवर) आधारलेले असल्याने मोबाइलच्या प्रणालीत रूपांतर न केल्यास स्थान काही डझन मीटर सरकते, आणि कड्याच्या उतारावर तेवढ्याने खाणीचे तोंड चुकते. तोंड सापडलेच तरी आत शिरू नये.