कडुनिंबाच्या पानांपासून चांदीचे नॅनोकण: प्रयोगशाळेसाठी कृती

चांदीच्या क्षारापासून नॅनोकण (नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागात मोजावे लागणारे अतिसूक्ष्म कण) मिळवायचे, तर चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देणारा क्षपणक लागतो आणि तयार झालेले कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती आवरणही लागते. रूढ पद्धतीत क्षपणासाठी बरेचदा सोडियम बोरोहायड्राइड वापरतात. कडुनिंबाच्या पानांतील फ्लेव्होनॉइड, टर्पिनॉइड यांसारखी द्रव्ये मात्र ही दोन्ही कामे करतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री यांच्या गटाने कडुनिंबाच्या अर्कापासून चांदीचे व सोन्याचे कण मिळवल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध केले. बडोद्यात कडुनिंब शोधत फिरावे लागत नाही, त्यामुळे येथील पदवीच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी हा विषय अवश्य घ्यावा. प्रयोग मात्र शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रयोगशाळेतच करावा. घरच्या स्वयंपाकघरातील भांडी यासाठी वापरू नयेत.

पाने जून, हिरवी आणि शक्यतो एकाच झाडाची घ्यावीत. पाडव्याला आपण जी कोवळी, तांबूस पालवी खातो तिच्यातील द्रव्यांचे प्रमाण जून पानांसारखे नसते. त्यामुळे झाड, महिना आणि पानांची अवस्था वहीत नोंदवली नाही, तर पुढच्या खेपेस निकाल का बदलला हे कळणार नाही. पाने आधी नळाच्या व नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन, बारीक चिरून, १० ग्रॅम पाने १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात दहा मिनिटे उकळावीत. निवलेला अर्क गाळणकागदातून गाळून फ्रिजमध्ये ठेवावा आणि आठवड्याच्या आत वापरावा.

सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या क्षाराचे द्रावण १ मिलीमोलर (लिटरला एक सहस्रांश मोल) हवे. त्यासाठी १०० मिली पाण्यात केवळ ०.०१७ ग्रॅम क्षार लागतो आणि इतके कमी वजन साध्या तराजूवर नीट होत नाही, म्हणून ०.१७ ग्रॅमचे १०० मिली द्रावण करून ते दहापट विरल करावे. येथे नळाचे पाणी अजिबात चालत नाही, कारण त्यातील क्लोराइडमुळे सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका पडतो. द्रावण तपकिरी बाटलीत, उजेडापासून दूर ठेवावे. हातमोजे आणि चष्मा हवाच. त्वचेवर पडलेला थेंब काळा डाग सोडतो आणि तो डाग बरेच दिवस जात नाही.

आता हे विरल केलेले ९० मिली द्रावण ढवळत ठेवून त्यात १० मिली अर्क थेंबाथेंबाने सोडावा. फिकट पिवळा रंग हळूहळू गडद होत तपकिरी होतो. किती वेळात, हे तापमान, सामू (pH) आणि अर्कावर अवलंबून असते. शेजारी आणखी दोन चंचुपात्रे ठेवावीत: एकात फक्त सिल्व्हर नायट्रेट, दुसऱ्यात पाण्याने तितकाच विरल केलेला अर्क. ही तुलना अनेक विद्यार्थी गाळतात, पण माझ्या मते प्रयोगाचा खरा कस तिथेच लागतो, कारण अर्क स्वतःच रंगीत असतो आणि निव्वळ तपकिरी रंग हा नॅनोकणांचा पुरावा नव्हे. दृश्य-अतिनील वर्णपटमापीवर (द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषते हे मोजणारे यंत्र) साधारण ४०० ते ४५० नॅनोमीटरदरम्यान शोषणाचे शिखर दिसले आणि ते तुलनेच्या पात्रांत नसले, तर कण तयार झाले असे मानण्यास आधार मिळतो. आकार व स्फटिकरचना ठरवायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि क्ष-किरण विवर्तन लागते. त्यासाठी विद्यापीठाच्या विभागाकडे विचारणा करावी.

कण वेगळे करण्यासाठी मिश्रण सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला सुमारे १०,००० फेऱ्यांनी पंधरा-वीस मिनिटे फिरवावे, वरचे पाणी काढून तळाचे कण ऊर्ध्वपातित पाण्यात पुन्हा मिसळावेत आणि हे दोन-तीनदा करावे. हे द्रावण औषध म्हणून कोणीही पिऊ नये. चांदी शरीरात साठून त्वचा कायमची निळसर-करडी होऊ शकते.

उरलेले पाणी मोरीत ओतून प्रयोगाला पर्यावरणस्नेही म्हणता येणार नाही. चांदीचे आयन जलचरांना घातक असतात आणि शहराच्या मधोमध वाहणाऱ्या विश्वामित्रीत मगरी, मासे, कासवे राहतात. सगळे सांडपाणी एका बाटलीत जमवून त्यात मिठाचे द्रावण घालावे. चांदीचे आयन सिल्व्हर क्लोराइड होऊन तळाशी बसतात आणि बरेच नॅनोकणही गोळा होऊन खाली येतात. हा साका आणि वरचे पाणी, दोन्ही नावाची चिठ्ठी लावून प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात जमा करावे.